पंगतीमागची उधारी

आमच्या परभणी जिल्ह्यात लग्न ठरलं की आधी तिथ काढतात, आणि तिथ हाती पडताच घरातलं कुणीतरी आचाऱ्याकडे धावतं. मंगल कार्यालय मिळालं नाही तर शेतात मांडव घालता येतो. बँडवाला नसला तर डीजे आहेच. आचारी हातचा गेला तर मात्र वधूपित्याची झोप उडते. या आचाऱ्याला आता केटरर म्हणतात. पाटी बदलली, वाढप्यांच्या डोक्यावर टोप्या आल्या, पंगतीच्या जागी टेबलं आली. धंद्याचं दुखणं मात्र वाढलं आहे, आणि ते चुलीपाशी नाही, वहीत आहे.

माझी उमेदीची वर्षं बँकेत गेली. कादंबऱ्या लिहायला लागण्याआधी मी माणसं वाचली ती त्यांच्या वह्यांतून. किराणा दुकानदाराची वही वाचता येते, आडत्याची तर तोंडपाठ होते. केटररची वही पाहिली तेव्हा थबकलो. खर्च सगळा रोखीचा आणि त्याच दिवसाचा. जमा मात्र येईल तेव्हाची.

हे असं का झालं, ते समजून घ्यायला थोडं मागं जावं लागेल. पूर्वी आचारी यायचा, यादी सांगायचा आणि यजमान शिधा भरायचा. इतके पायली तांदूळ, इतके डबे तेल, इतकी साखर. आचाऱ्याची फक्त मजुरी. जेवण कमी पडलं तर धावाधाव यजमानाची, उरलं तर तेही त्याचंच. मग ताटावर भाव ठरवायची पद्धत आली. यजमानाला ती सोयीची वाटली, आणि आहेही. पण त्या एका बदलानं सगळी जोखीम मांडवाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली, हे कुणी बोलून दाखवलं नाही. बुंदीचं बेसन, तेल, भाजी, गॅस, टेम्पो, सगळं आता केटररनं आधी आणायचं. बयाणा मिळतो तो बहुतेक वेळा तेलाच्या डब्यांतच संपतो.

त्यात आकड्याचा प्रश्न. आमच्याकडे खेड्यात चूलबंद आवतण असतं. म्हणजे त्या दिवशी घरची चूल पेटायची नाही, लेकराबाळांसकट सगळ्यांनी जेवायला यायचं. सुंदर पद्धत आहे, पण या आवतणाचा आकडा कुणालाच सांगता येत नाही. यजमान आठशे ताटं सांगतो, जेवतात अकराशे, आणि हिशेबाला बसल्यावर पुन्हा आठशेच. ताटं मोजणारा माणूस दोन्ही बाजूंनी उभा असतो आणि दोघांचे आकडे कधी जुळत नाहीत. मुसलमानांच्या लग्नांत बावर्ची डेगेवर भाव ठरवतो. डेग किती माणसांना पुरते हे दोघांनाही ठाऊक असतं, म्हणून तिथं शब्दाला शब्द कमी वाढतो. तो शहाणपणा आपण उचलायला हरकत नाही.

मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असताना जिंतूर किंवा पालमच्या एखाद्या गावाबाहेर, उघड्या रानात, हजार माणसांचा स्वयंपाक करणं म्हणजे काय ते डोळ्यांपुढं आणा. घरात मीठ विसरलं तर शेजार आहे. तिथं काहीच नाही. झारा, परात, पिण्याचं पाणी, बर्फ, अगदी काडेपेटीसुद्धा मोजून न्यावी लागते. पोळ्या लाटणाऱ्या बायका पहाटे तीनला टेम्पोत बसतात. मुहूर्त साडेबाराचा असतो आणि नवरदेव पारावरून मांडवात येईतो अडीच वाजतात. तोवर अन्न तसंच. शिजवलेलं अन्न पाच ते साठ अंशांच्या मधल्या तापमानात फार वेळ राहिलं की त्यात जंतू झपाट्यानं वाढतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीत, धार्मिक कार्यक्रमातली भगर-आमटी खाऊन सुमारे दोन हजार लोकांना विषबाधा झाली होती. तो काही लग्नाचा मांडव नव्हता, पण मोठ्या पंगतीत काय होऊ शकतं हे त्यावरून कळावं. असं काही लग्नात झालं तर बोट आचाऱ्याकडेच जातं. वरात दोन तास नाचली, त्याचं नाव कुणी घेत नाही.

रात्री पंगती उठल्या की बायका, वाढपी, भांडी घासणारे रांगेनं उभे राहतात. त्यांना त्याच रात्री रोख द्यावी लागते, नाहीतर उद्याच्या तिथीला माणसं मिळत नाहीत. आणि यजमान? पाठवणीच्या गडबडीत असतो. ‘दोन दिवसांनी या.’ दोन दिवसांनी मृगाची चाहूल लागलेली असते, बियाणं-खताला पैसा हवा असतो. मग ‘सोयाबीन निघू द्या.’ सोयाबीन येतं दसरा-दिवाळीला. मे ते ऑक्टोबर, पाच-सहा महिने आपल्या लेकीच्या लग्नाचं जेवण एका आचाऱ्यानं बिनव्याजी उधार दिलेलं असतं. त्यानं मात्र किराणेवाल्याकडून किंवा सावकाराकडून व्याजानं आणलेलं असतं.

यजमान मुद्दाम बुडवतो असं मी म्हणत नाही. त्याचंही घर पिकावर चालतं. केटररही काही धुतल्या तांदळासारखे नसतात. ठरलं शेंगदाणा तेल आणि कढईत पामतेल, हे मी पाहिलं आहे. पण उशिराचं व्याज एकट्यानंच का भरायचं?

बँकेकडे जा म्हणावं तर बँक तारण मागते. पातेल्यांचं तारण कोण घेणार? मुंबईच्या गिरणगावात १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेची लहान कर्जं मिळवून दिली. या बायका एकमेकींना जामीन राहिल्या. रांधणाऱ्या हाताची पत असते हे त्यांनी दाखवून दिलं. आमच्याकडच्या आचाऱ्यांची पत मात्र किराणा दुकानापुढं गेली नाही. एप्रिल २०२१ मध्ये करोनामुळं लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास अशी मर्यादा आली, तेव्हा भर लग्नसराईत कढया पालथ्या पडल्या. बयाणा परत मागायला लोक आले. तो तर कधीच खर्च झाला होता.

माझं मागणं साधं आहे. आकडा कागदावर घ्यावा, वरच्या ताटांचा भाव आधीच लिहावा, आणि उरलेली रक्कम मांडव उतरायच्या आत द्यावी. सोन्याला, हॉलला, फोटोवाल्याला आपण आधी मोजतोच ना?

गेल्या वर्षी सेलूला पुतणीच्या लग्नात शेवटची पंगत बसायच्या वेळी मी भावाला पाकीट काढायला लावलं. ‘पाहुण्यांसमोर पैसे मोजणं बरं दिसतं का?’ तो कुरकुरला. पण दिले. केटररनं नोटा मोजल्यासुद्धा नाहीत. मागं वळून त्यानं पोळ्यांच्या बायकांना हाक मारली.