आजोबांची येझदी, नातवाचे ब्रेक

बेंगळुरूच्या जुन्या वस्त्यांमध्ये, मल्लेश्वरम असो, राजाजीनगर असो की बसवनगुडी, जिन्याखालच्या जागेत ताडपत्री घातलेली एखादी जावा नाहीतर येझदी अजून सापडते. आजोबांनी नोकरीला लागल्यावर घेतलेली, बाबांनी कॉलेजला नेलेली आणि नंतर कार आल्यावर बाजूला पडलेली. मग एक दिवस नातू मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ बघतो आणि घोषणा करतो, "हिला आर-१५ चे शॉकअप लावू, पुढे डिस्क ब्रेक, मागे मोनोशॉक, रुंद टायर. एकदम भारी दिसेल!"

आणि घरात दोन पक्ष पडतात. आजोबा म्हणतात, "हात लावायचा नाही." नातू म्हणतो, "उभी राहून गंजतेय त्यापेक्षा बरं ना?" आईला फक्त एकच काळजी असते, गाडी चालू झाली तर पोरगा ती घेऊन रिंग रोडवर जाणार. गंमत म्हणजे तिघांचंही म्हणणं खरं असतं. म्हणून आजच्या लेखात या भांडणातला प्रत्येक मुद्दा नीट सोडवून बघू.

म्हैसूरचं लेणं

जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. भारतात ती बनू लागली म्हैसूरमध्ये, आयडियल जावा कंपनीच्या कारखान्यात, १९६१ साली. १९७३ पासून तीच गाडी येझदी नावाने येऊ लागली. पुढे रोडकिंग, क्लासिक, मोनार्क अशी भावंडं आली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी अगदी धाकटी जुनी येझदीसुद्धा पंचविशी ओलांडून पुढे गेली आहे.

तिची मजा निराळीच. एकच सिलिंडर, पण सायलेन्सर दोन. किक मारायची ती दांडी पुढे वळवली की तीच गिअरची दांडी होते! एवढं साधं इंजिन की घरच्या घरी उघडावं. म्हणूनच कर्नाटकात तिचं इतकं प्रेम टिकलं. दर जुलैच्या दुसऱ्या रविवारी जगभर जावाचे चाहते आपापल्या गाड्या घेऊन जमतात. बेंगळुरूतही त्या दिवशी दोन सायलेन्सरचा तो ओळखीचा आवाज ऐकायला मिळतो.

नातवाचं काय चुकतं? काहीच नाही

आधी नातवाची बाजू ऐकू, कारण तिच्यात तथ्य आहे. जुन्या येझदीला पुढे-मागे दोन्हीकडे ड्रम ब्रेक. ड्रमच्या आत अर्धगोल शू असतात, ब्रेक दाबला की ते फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. ही रचना बंदिस्त असल्याने उष्णता लवकर बाहेर पडत नाही. घाटात सतत ब्रेक दाबला की पकड कमी होत जाते. आत पाणी गेलं तर काही क्षण ब्रेक लागतच नाही. त्यात ही टू-स्ट्रोक गाडी. थ्रॉटल सोडल्यावर फोर-स्ट्रोक इंजिन जसं गाडीला मागे ओढतं, तसं हिचं इंजिन फारसं ओढत नाही. सगळा भार ब्रेकवरच.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे राजदूत ३५०. यामाहाच्या आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ पासून ही गाडी भारतात बनवली. दोन सिलिंडर, सहा गिअर आणि सुरुवातीच्या गाड्यांत ३०.५ अश्वशक्ती. येझदीच्या जवळपास दुप्पट. जपानच्या मूळ गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता. भारतात किंमत आटोक्यात ठेवायला त्या जागी ड्रम आला. वेग जपानी, ब्रेक मात्र स्वस्तातले. तिच्या नावातल्या आरडी या दोन अक्षरांचा लोकांनी 'रॅपिड डेथ' असा अर्थ लावला तो काही उगाच नाही. त्या काळात ज्यांनी या गाडीला डिस्क बसवून घेतला, त्यांनी तो मिरवायला नव्हे, जीव वाचवायला बसवला.

त्यामुळे "जुनं ते सोनं" म्हणून विषय संपवता येत नाही. आजोबांच्या काळात रस्त्यावर जेवढी वाहनं होती आणि त्यांचा जो वेग होता, तो आता राहिलेला नाही. पुढची कार एबीएसवर जागच्या जागी थांबते आणि मागची येझदी घसरत येते, हे चित्र कुणालाच नको आहे.

सुटे भाग मिळतात, पण गाडी जमते का?

बेंगळुरूत सुटे भाग मिळवणं ही अडचण नाहीच. जे.सी. रोडवर नवे मिळतात, शिवाजीनगरच्या गुजरीत जुने. अपघातात गेलेल्या आर-१५, पल्सर किंवा केटीएम ड्यूकचे शॉकअप, चाकं, डिस्क, चिमटा, सगळं सुटं विकायला असतं. यातला बराचसा माल आपल्या चाकणचा! बजाजच्या तिथल्या कारखान्यातच ड्यूक बनते. म्हैसूरच्या गाडीला चाकणचे पाय, अशी ही सोयरीक. पण सोयरीक जुळवताना पत्रिका बघावी लागते.

पहिली गाठ हँडलखाली. नव्या शॉकअपचा दांडा जुन्या फ्रेमच्या नळीत तसाच बसत नाही. त्याची लांबी वेगळी, बेअरिंगचं माप वेगळं. मग लेथवर नवा दांडा करून घेतात किंवा कोनसेट बदलतात. हे काम चांगल्या टर्नरच्या हातचं आहे. इथला जोड वेल्डिंगने कसाबसा केला आणि तो चालत्या गाडीत सुटला, तर हँडल हातात आणि चाक दुसरीकडे. पुढच्या चाकाजवळ "चालतंय की" हा शब्द चालत नाही.

दुसरी गाठ डोळ्यांना दिसत नाही. हँडल ज्या तिरक्या रेषेभोवती फिरतं ती रेषा जमिनीपर्यंत लांबवली, तर ती टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे पोहोचते. या दोन बिंदूंमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात. ट्रॉलीच्या चाकासारखं हे अंतर गाडीला सरळ ठेवतं. स्पोर्ट बाइकचे आखूड शॉकअप आणि १७ इंची चाक लावलं की जुन्या गाडीचं नाक खाली येतं, ती रेषा उभी होते आणि ट्रेल कमी होतो. गल्लीत गाडी हलकी वाटते, पण वेगात हँडल थरथरायला लागतं. म्हणून भाग विकत घेण्याआधी लांबी मोजायची. दोन्ही शॉकअप शेजारी शेजारी उभे करून टेप लावायला पैसे पडत नाहीत.

तिसरी गाठ मागे. मूळ गाडीच्या मागच्या बाजूला दोन शॉकअप, प्रत्येकी एका कडेला. त्यांचा भार फ्रेमच्या दोन ठिकाणी वाटला जातो. मोनोशॉक बसवला की सगळा दणका मधल्या एकाच ठिकाणी बसतो, जिथे मूळ फ्रेमला तो सोसायची सवयच नाही. पन्नास वर्षांच्या नळ्यांना आतून किती गंज आहे, हे बाहेरून रंग मारल्यावर कुणाला कळणार? रुंद टायर लावला की चेन त्याला घासते, मग स्प्रॉकेट बाहेर सरकवा, मग ते रेषेत येईना. एक बदल केला की त्याच्यामागे तीन येतात.

आणि ब्रेकबद्दल एक गैरसमज. ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो टायर. जुन्या अरुंद, कडक झालेल्या टायरवर दणकट डिस्क लावली तर चाक लॉक होऊन गाडी घसरते. तसंच एबीएस असलेल्या गाडीची नुसती डिस्क आणली म्हणजे एबीएस येत नाही. त्यासाठी चाकांचे सेन्सर आणि नियंत्रण करणारा भाग लागतो, आणि तो त्या मूळ गाडीच्या वजनासाठी जुळवलेला असतो.

कायदा काय म्हणतो?

हा भाग घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून वाचावा असा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवर नोंदवलेली माहिती कंपनीच्या मूळ माहितीशी जुळेनाशी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. आरसीच्या नोंदीत इंजिन, चासी, रंग यांच्याबरोबर दोन चाकांमधलं अंतरही असतं. म्हणजे लांब चिमटा लावणं ही नुसती हौस राहत नाही, नोंदीतली गोष्ट बदलते. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर दावा मागताना आडवा येतो, तो त्रास वेगळाच.

दुसरी गोष्ट आनंदाची, पण तिलाही अट आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या दुचाकीला आणि चारचाकीला 'व्हीए' अक्षरांची खास नंबर प्लेट मिळू शकते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं आणि पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. आणि मुख्य अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार केलेला चालत नाही.

आता हिशेब करा. १९६०च्या दशकातल्या जावा आणि १९७३-७४ च्या पहिल्या येझदी या वयात बसल्या आहेत. तुमच्या ताडपत्रीखालची गाडी त्यातली असेल, तर ग्राइंडरने फ्रेमचा एक कान कापला की हा मान कायमचा गेला. कापलेली फ्रेम परत उगवत नाही. १९८३ ची राजदूत ३५० या वयाला २०३३ मध्ये पोहोचेल. थांबायला हरकत काय?

मधली वाट

मग नातवाने हात बांधून बसायचं का? मुळीच नाही. करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं बरंचसं उलटवता येतं.

ब्रेकपासून सुरुवात करा. ड्रम लेथवर गोल करून घेणं, नवे लायनर बसवून शू ड्रमच्या मापाला घासणं, केबल आणि लिव्हर बदलणं. वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेला ड्रम एवढ्यानेच ओळखू न येण्याइतका सुधारतो. त्याच मापाचे ताजे, चांगल्या पकडीचे टायर घाला. आऱ्या ताणून चाकाचा आउट काढा. मागचे दोन्ही शॉकअप आणि चिमट्याचे बुश नवे करा. थरथरणारी गाडी स्थिर होते.

मग वीज. बऱ्याच जुन्या जावा-येझदी ६ व्होल्टवर चालतात. हेडलाइट म्हणजे देवघरातली समईच! १२ व्होल्टची यंत्रणा आणि पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणारे कारागीर बेंगळुरूत आहेत. गाडी एका किकमध्ये सुरू होते, रात्री समोरचं दिसतं आणि मागच्याला तुमचा ब्रेक लाइट दिसतो. फ्रेमला मात्र ओरखडासुद्धा नाही.

पुढे डिस्क हवीच असेल, तर तीन अटी पाळा. फ्रेम कापायची नाही, मूळ शॉकअप आणि चाक तेल लावून, चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवायचं, आणि काम सुरू करण्याआधी आरटीओत जाऊन विचारून यायचं. आरसी हातात घेऊन विचारायला गेलं की उत्तर तिथेच मिळतं. आणि जुन्या येझदीचं रूप नव्या ब्रेकसह हवं असेल, तर सरळ नवी येझदी घ्या. जानेवारी २०२२ मध्ये हे नाव परत आलं, पाण्याने थंड होणारं इंजिन, डिस्क आणि एबीएस घेऊन. आजोबांच्या गाडीला ते सोंग घ्यायला लावायची गरज उरत नाही.

आणि बेंगळुरू-म्हैसूर महामार्गावर वेग काढायची स्वप्नं असतील, तर ती आधीच मिटवा. १ ऑगस्ट २०२३ पासून त्या मुख्य रस्त्यावर दुचाकींना बंदी आहे. येझदीला माहेरी न्यायचं तर बाजूच्या सर्व्हिस रोडनेच, मद्दूरला वडा खात, निवांत.

आजोबांना काय सांगायचं?

शेवटचा मुद्दा नट-बोल्टचा नाही. आजोबा "हात लावू नको" म्हणतात तेव्हा त्यांना गाडी जपायची असते, पण ताडपत्रीखाली गाडी जपली जात नाही, सडते. टाकीत गंज, सिलिंडरमध्ये अडकलेला पिस्टन, उंदरांनी खाल्लेल्या वायरी. तेव्हा आजोबांनाही थोडं मागे यावं लागेल.

एक सुचवते. पहिला महिना काहीच विकत आणायचं नाही. दर रविवारी दोघांनी मिळून एक भाग उघडायचा. पहिल्या आठवड्यात कार्ब्युरेटर, मग ड्रम, मग हेडलाइट. स्पॅनर नातवाच्या हातात आणि खुर्ची आजोबांची. काय बदलायचं आणि काय ठेवायचं याची यादी महिन्याअखेरीस दोघांनी एकत्र लिहायची, आईने तिच्यावर सही करायची आणि हेल्मेट पहिल्या ओळीत. माझा अंदाज आहे, त्या यादीत मोनोशॉक नसेल. कारण स्वतःच्या हातांनी गाडी उघडलेल्या मुलाला ती नुसती "भारी दिसायला" नको असते. ती कशी चालते हे त्याला कळलेलं असतं, आणि कुठला भाग का तसा आहे हेही.