विमान मिळाल्यानंतर

वांद्र्याच्या मोतमाउलीची जत्रा सप्टेंबरात भरते. टेकडीच्या रस्त्याला मेणाच्या वस्तूंचे ठेले लागतात. पाय बरा व्हावा म्हणून मेणाचा पाय, मूल व्हावं म्हणून मेणाचं बाळ, जागा हवी असेल तर मेणाचं घर, आणि परदेशी जायचं असेल तर मेणाचं विमान. ख्रिस्ती, हिंदू, पारशी, सगळेच यातलं काहीतरी घेऊन वर जातात. इथे अमेरिकेत आपल्या मराठी मंडळातल्या दोन-चार जणांच्या आयांनी गुपचूप एखादं विमान वर नेलेलं असलं, तर मला तरी नवल वाटणार नाही.

या नवसांना नाकं मुरडणारे ख्रिस्ती पुष्कळ आहेत. आम्ही प्रॉटेस्टंट त्यात सगळ्यांत पुढे. मला मात्र त्यात गैर काही दिसत नाही. अडलेल्या माणसाने देवाकडे नाही मागायचं, तर कोणाकडे? येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतही रोजची भाकर मागितलेली आहेच. फक्त तिच्याआधी तीन मागण्या आहेत: देवाचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा. भाकरीचा नंबर चौथा. आपण हा क्रम फिरवतो, आणि तो फिरवल्याचं कळतं ते विमान मिळाल्यानंतर.

व्हिसाची टांगती तलवार असते तेव्हा आमच्या घरांतून उपास होतात, रात्री उशिरापर्यंत प्रार्थना चालतात, नगरला फोन करून पाळकबाबांनाही प्रार्थनेला बसवलं जातं. मग ग्रीन कार्ड येतं. उपकारस्तुतीची उपासना होते, बिर्याणी होते, ‘प्रभूने आशीर्वादित केलं’ अशी साक्ष दिली जाते. ती खोटी नसते. पण पुढे रविवार हळूहळू मुलांच्या सॉकरला जातो, मग नव्या घराच्या अंगणाला. देवाला कोणी सोडत नाही, फक्त कामापुरता ठेवतात. पुन्हा मॅमोग्राममध्ये काही दिसलं की आठवण होतेच.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा आठवा अध्याय आपल्यासारख्या स्थलांतरितांसाठीच लिहिल्यासारखा आहे. चाळीस वर्षं रानात काढलेले लोक यार्देनेच्या अलीकडे उभे आहेत आणि मोशे त्यांना बजावतो आहे. धोका मागे पडलेल्या रानाचा त्याला वाटत नाही, वाटतो तो पलीकडच्या चांगल्या घरांचा, वाढलेल्या गुराढोरांचा, साठलेल्या सोन्यारुप्याचा. पोट भरलं की हे सगळं माझ्या मनगटाच्या जोरावर मिळवलं असं तुम्ही म्हणाल, ही त्याची भीती. रानात देवाने दिलेलं अन्न, म्हणजे मान्ना, रोजचं रोज गोळा करावं लागे, त्यामुळे देवाला विसरण्याची सोयच नव्हती. आता आपल्याकडे डीप फ्रीझर आहे.

अमेरिकेतल्या काही व्यासपीठांवरून तर उघडच सांगतात की विश्वास पक्का असेल तर पैसा आणि आरोग्य मागोमाग येतात. आपल्यातले पुष्कळ जण त्यांचे व्हिडिओ भक्तिभावाने पाहतात. त्यांनी बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाची सुरुवात एकदा नीट वाचावी. तिथे सैतानाचा आरोप नेमका हाच आहे: ईयोब देवाला भजतो ते फुकट नव्हे, कुंपण घालून राखलेल्या मालमत्तेपायी. समृद्धीचे हे उपदेशक सैतानाचा मुद्दा मान्य करूनच बोलायला उभे राहतात. शेवटी ईयोबाला सगळं दुप्पट मिळालंच की, असं कोणी म्हणेल. मिळालं, पण देवापुढे तो नमला तेव्हा सगळं गमावून राखेतच बसलेला होता, आणि परत काही मिळेल असा शब्द देवाने त्याला दिलेला नव्हता.

पंडिता रमाबाईंचा हिशोब या उपदेशकांनी कसा मांडला असता? आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या वर्षांत गेली, मग भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला. पुढे केडगावात शेकडो निराधार बायकामुलींना आसरा दिला, मूळ भाषा शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं; आणि १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. पुढच्या एप्रिलात त्या स्वतः गेल्या. यात विश्वास कुठे कमी पडला ते दाखवा म्हणावं.

संत ऑगस्टिनने एका प्रवचनात नवरीचा दाखला दिला आहे. नवऱ्याने अंगठी घडवून दिली, आणि ही म्हणते, अंगठी मिळाली, आता त्याचं तोंड नाही दिसलं तरी चालेल. अंगठीवर प्रेम करणं हा तिचा गुन्हा नव्हेच, असंही तो मानतो. मला हा दाखला पटतो, कारण तो अंगठी फेकून द्यायला सांगत नाही.

फेकून देणाऱ्यांबद्दल मला थोडी शंकाच आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनच्या पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. माणूस फार मोठा. पण त्यांच्या हातात पैसा टिकत नसे आणि संसार ओढावा लागे पत्नी लक्ष्मीबाईंना, हे त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ हसत वाचतानाही विसरता येत नाही. १८९५ साली नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हाही घरदार मोडलं ते लक्ष्मीबाईंचंच. नंतर, १९०० साली, त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो स्वतःला पटल्यावर. देवाला वर ठेवण्याची किंमत घरातल्या दुसऱ्याच्या नावावर टाकता येत नाही. म्हणून घर, नोकरी, मुलांच्या कॉलेजची फी यांना तुच्छ लेखण्याचा उपदेश मला नको आहे. ती देवाची देणगी आहे हे मानलं, की ती सांभाळणंही आलं आणि त्यातला वाटा बाहेर जाणंही आलं.

आमच्या प्रार्थनेच्या संगतीत येत्या नोव्हेंबरच्या उपकारस्तुतीसाठी साक्षी देणाऱ्यांची यादी सुरू झाली आहे: नवं घर, बढती, मुलीचा मेडिकलचा प्रवेश. त्यात ज्याचा अर्ज नाकारला गेला, ज्याची नोकरी या वर्षी गेली आणि तरीही जो दर रविवारी येऊन बसतो, अशा एकाचं तरी नाव घालावं, आणि तेही पहिलं, अशी सूचना मी कमिटीकडे दिली आहे. वातावरण जड होईल, असं उत्तर आलं. होऊ दे.