भंगारवाला काय घेत नाही?

दिवाळीआधी घरं आवरायला निघाली की आमच्या वडीगोद्रीच्या फाट्यावर भंगारवाल्याला मान वर करायला सवड नसते. यंदा मीही दोन पोती घेऊन गेलो. त्यानं सुतळीला बांधलेलं चुंबक काढलं आणि एकेका वस्तूला लावून पाहिलं. चिकटलं ते लोखंडात. मोडकं खुरपं आणि सायकलची रिम इकडं, जर्मनचं चेपलेलं पातेलं तिकडं. रद्दी तागडीत गेली, फुटक्या बादलीचे तुकडेही गेले. दुसऱ्या पोत्याचं तोंड मात्र त्यानं उघडलं, आत डोकावला आणि परत बांधून टाकलं. त्यात पातळ पिशव्या अन् फरसाणाच्या पुड्या होत्या.

“हे नाही चालत, सर.”

“का? प्लास्टिकच आहे की.”

“आहे. पण मी घेऊन पुढं कुणाला देऊ?”

पोतं परत घरी आणलं. प्रश्नही सोबत आला.

माझ्या खुरप्याचं काय होणार, ते मला ठाऊक आहे. जालन्याच्या भट्ट्यांत भंगार वितळतं आणि त्याची सळई होते. उद्या ते खुरपं कुणाच्या तरी स्लॅबमध्ये असेल. त्या सळईवर कुणी हिरवं पान छापत नाही की पर्यावरणदिनी तिचा सत्कार करत नाही. तिला गिऱ्हाईक आहे, एवढं पुरतं. पुडीला गिऱ्हाईक नाही, म्हणून ती कालव्यात.

आता आपल्याकडचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण? सरकार. रस्ता, शाळेची बाकडी, कचरापेट्या, पेव्हर ब्लॉक, बागेतलं खत, रिमच्या रिम कागद, सगळं तेच घेतं. ग्रामपंचायतीपासून 2023 साली महापालिका झालेल्या जालन्यापर्यंत ही खरेदी बारमाही चालू असते. ती कशाची होते, यावर कोणत्या कचऱ्याला भाव येणार हे बरंचसं ठरतं.

हे काही नवं नाही. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात शतकानुशतकं चिंध्या कुटून, त्यांचा लगदा करून हातकागद बनला. दरबार आणि दफ्तरं हे त्याचं हक्काचं गिऱ्हाईक. गिरणीचा स्वस्त कागद आला, दफ्तरं तिकडं वळली आणि गावाचा धंदा बसला.

अलीकडचा दाखला परळीचा. औष्णिक वीजकेंद्राच्या राखेचे डोंगर साचायचे. केंद्र सरकारनं 1999 साली अधिसूचना काढून अशा केंद्रांच्या आसपास विटांत राख मिसळणं आणि पुढं तिथल्या बांधकामांत राखेच्या विटा वापरणं बंधनकारक केलं. सुरुवातीला अंतर 50 किलोमीटर होतं, 2016 साली ते 300 किलोमीटर झालं. ‘राखेची वीट टिकेल का?’ म्हणणारे पुष्कळ होते. आज तीच वीट मराठवाड्यात सर्रास दिसते. राखेचा सगळा त्रास संपला असं नाही. उघड्या गाडीतून ती आजही उडते, लोकांच्या नाकातोंडात जाते. पण जिला कुणी फुकट नेईना, ती राख विकली जाऊ लागली, हे खरं.

याच्या उलट गत ‘इकोमार्क’ची. पर्यावरणाला कमी त्रास देणाऱ्या मालावर लावायला केंद्रानं 1991 साली ही खूण काढली, तीही मातीच्या मडक्याची. चित्र झकास होतं, पण मडक्याचा माल आधी घ्या असं कुणावर बंधन नव्हतं. कारखानदारांनी कशाला धावावं? फार थोड्यांनी परवाना घेतला. 2024 साली नवे नियम आले. आता तरी खरेदी करणारी खाती ती खूण बघतील का, हे कळेलच.

आमच्या पुड्या-पिशव्यांनाही वाट आहे. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी टाकाऊ प्लास्टिकचे बारीक तुकडे तापलेल्या खडीवर चढवून मग डांबर ओतायची पद्धत बसवली. डांबराच्या वजनाच्या 6 ते 8 टक्के प्लास्टिक त्यात खपतं. त्यांना 2018 साली पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी महाराष्ट्रानं प्लास्टिकबंदी आणली, दंडाच्या पावत्याही फाटल्या. बंदीनं दुकानदार धास्तावला. साचलेलं प्लास्टिक मात्र विकत घ्यायला कुणी आलं नाही. खताचंही तसंच. शहरांच्या ओल्या कचऱ्यापासून होणाऱ्या खताला राज्यानं ‘हरित महासिटी कंपोस्ट’ असं नाव दिलं. ज्या पालिकेच्या आवारात ते तयार होतं, तिच्याच बागेत आधी ते पडायला नको का?

अडतं कुठं, तर दरपत्रकात. तीन कोटेशनं मागवायची, सगळ्यात कमी दर पाहायचा, सही करायची. ओळखीच्या एका गावात अशाच स्वस्तातल्या कचरापेट्या आल्या. पहिल्याच उन्हाळ्यात तडकल्या आणि स्वतःच कचरा झाल्या. दुसऱ्या वर्षी पुन्हा तीन कोटेशनं. ऑडिटमध्ये त्यावर बोट ठेवायला जागा नव्हती, कारण दोन्ही वेळा दर सगळ्यात कमीच होता. किती वर्षं टिकेल, कशापासून बनलंय, मोडल्यावर कोण नेईल, या रकान्यांना त्या कागदावर जागाच नसते. महाग माल डोळे झाकून घ्या असं माझं म्हणणं नाही. राखेची वीट तपासून घेतली, तसंच टाकाऊ प्लास्टिकचं बाकडंही घासून-पुसून, बसून बघा. पण ते रकाने तरी आखा.

परवा पुन्हा फाट्यावर गेलो होतो. भंगारवाल्याला म्हटलं, “समजा, आपल्या रस्त्याच्या टेंडरात हे पातळ प्लास्टिक आलं, तर?”

त्यानं तागडी पुसत विचारलं, “किलोला काय भाव देतील?”

पोतं अजून माळ्यावर आहे.