एका वहीच्या दोन वह्या

ज्या घरीं कुलवृत्तांताचें काम निघालें आहे, तेथें हल्लीं कागदी वहीऐवजीं एक सामाइक फाइल असते आणि ती प्रत्येकाच्या संगणकावर व फोनवर आपोआप सारखी राखली जाते. तरुण मंडळी या व्यवस्थेस ‘सिंक’ म्हणतात. ती सुरळीत चालते तोंवर तिची आठवणही होत नाहीं. बिघडली म्हणजे मात्र घरांतील कोणी तरी अपराधी ठरतें. आमच्याकडे तसेंच झालें.

गेल्या माघांत आमचे दादा गुहागराकडील मूळ गांवीं गेले होते. तेथें आमच्या 91 वर्षांच्या आत्याबाईंपाशीं दोन दिवस बसून त्यांनीं चार पिढ्यांतील सुनांचीं माहेरचीं नांवें लॅपटॉपवर उतरून घेतलीं. हीं नांवें आमच्या कोणत्याही वंशावळींत नव्हतीं. गांवांत नेटवर्क नव्हतें. त्याच दोन दिवसांत बंगळूरच्या पुतण्यानें तीच फाइल उघडून तींतील सनावळी दुरुस्त केली. दादा पुण्यास परतले, जोडणी झाली, आणि यंत्रापुढें पेंच पडला कीं, दोघांनींही एकाच मूळ प्रतीवर लिहिलें आहे, तर खरी कोणती मानावी? यंत्रास मजकुराचें मोल कळत नाहीं. अशा वेळीं तें बहुधा दोन्ही प्रति ठेवतें व एकीच्या नांवास ‘विसंगत प्रत’ अशा अर्थाचें शेपूट जोडतें. येथवर कोणाचेंच कांहीं चुकलें नव्हतें.

वहिनींचा फोन भरत आला होता. सारख्या नांवाच्या दोन फाइली पाहून त्यांनीं शेपटाची पुसून टाकली. फोनवरून पुसलें तें फोनापुरतेंच गेलें, अशी त्यांची समजूत. ती पुष्कळांची असते. परंतु सिंक म्हणजे राखण नव्हे. तें भर जशी सर्वत्र पोंचवितें, तशीच खोडही पोंचवितें, आणि तीही तितक्याच तत्परतेनें! फाल्गुनांत आत्याबाई गेल्या. त्यांनीं सांगितलेलें वाचावें म्हणून आम्ही फाइल उघडावयास गेलों, तों ती कोणाच्याच यंत्रावर नाहीं. “भाऊजी, हें माझ्या हातून झालें का हो?” वहिनींनीं विचारलें. आम्हांस उत्तर देववेना.

अशा सेवांच्या कचरापेटींत पुसलेली फाइल कांहीं काळ राहते, हें सुदैव. गूगल ड्राइव्हवर ही मुदत 30 दिवसांची आहे. ड्रॉपबॉक्सच्या साध्या खात्यासही तितकीच. आमचा 26 वा दिवस होता. दादांच्या खात्यांतील पेटी उघडली आणि फाइल तेथें होती.

वाचकांवर असा प्रसंग आल्यास प्रथम कांहींही पुसूं नये. सर्व यंत्रांवर सिंक थांबवावें, प्रत्येक यंत्रावरील फाइलींची नक्कल निराळ्या डिस्कवर घ्यावी, आणि मगच दोन प्रति शेजारीं ठेवून मजकूर हातानें एकत्र करावा. फाइल मुळीं वर जातच नसेल तर खात्यांतील जागा पाहावी. गूगलचे मोफत 15 जीबी भरले कीं नवें चढणें थांबतें, आणि कित्येक दिवस कोणाच्या लक्षांतही येत नाहीं.

एक खोडी मात्र आपल्या लिपीचीच आहे. ‘तिसऱ्या पिढी’तील ऱ हें अक्षर युनिकोडमध्यें दोन रीतींनीं लिहितां येतें: एकसंध, किंवा र आणि त्याखालीं नुक्ता असें जोडून. डोळ्यांस दोन्ही सारखींच दिसतात. यंत्रास तीं दोन निराळीं नांवें वाटूं शकतात, आणि मग एकाच नांवाच्या दोन फाइली शेजारीं शेजारीं नांदूं लागतात. फाइलीचें नांव एकानेंच द्यावें व इतरांनीं तेंच उचलावें, हा आम्हीं काढलेला तोडगा. तो अगदीं गांवठी आहे, पण चालतो.

दोन्ही प्रति एकत्र करण्याचें काम वहिनींनींच मागून घेतलें. सनावळी पुतण्याची ठेवली, नांवें आत्याबाईंचीं. त्यांत वहिनींच्या आजेसासूबाईंचें माहेरचें नांव निघालें, तें त्यांनीं आम्हांस दोनदां मोठ्यानें वाचून दाखविलें.