प्रत म्हणजे प्रतिबिंब नव्हे

प्रतींचे मोल वाङ्मयाच्या अभ्यासकाला नव्याने सांगावे लागू नये. म्हाइंभटांचे मूळ ‘लीळाचरित्र’ परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाले, असे महानुभाव परंपरा सांगते. आज आपल्या हाती आहेत ते नंतर पुन्हा सिद्ध झालेले निरनिराळे पाठ. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तीही वेगवेगळ्या प्रांतांत, वेगवेगळ्या लिप्यांत पोथ्या टिकून होत्या म्हणूनच. हे सारे आपण वर्गात शिकवतो. आपल्या लॅपटॉपच्या बाबतीत मात्र ते विसरतो.

आमच्या विभागातील एका विद्यार्थिनीने दोन उन्हाळे हिंडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. विभागात नेटवर्क ड्राइव्ह होता. तिच्या लॅपटॉपवरचा फोल्डर त्यावर आपोआप उतरत असे. त्या भरवशावर आम्ही सगळेच निर्धास्त होतो. एके दिवशी जागा मोकळी करताना तिच्या हातून तो फोल्डर पुसला गेला, आणि काही क्षणांत ड्राइव्हवरूनही नाहीसा झाला. आत दोन डिस्क होत्या, पण त्या एकमेकींचा आरसा होत्या. एक बिघडली तर दुसरी उपयोगी पडावी, एवढाच त्यांचा हेतू. पूर्वीच्या आवृत्त्या राखण्याची सोयही त्यात होती. ती सुरू करायचे कोणालाच सुचले नव्हते. गाणाऱ्यांपैकी दोन आजी तोवर निवर्तल्या होत्या.

चूक त्या मुलीची नव्हती, आमच्या समजुतीची होती. समक्रमण आणि जतन या दोन भिन्न गोष्टी आहेत. आरशातले बिंब मूळ वस्तू हलताच हलते. प्रत मात्र मूळापासून स्वतंत्र असावी लागते. म्हणूनच जाणकार तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी, असा दंडक सांगतात. सदैव जोडलेला ड्राइव्ह खंडणीखोर विषाणूच्याही तावडीत सापडतो. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ने नेटवर्कमधून एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरून हे जगाला दाखवले. एक प्रत तरी तारेपासून तोडलेली, कपाटात ठेवलेली असावी.

आणखी एक पथ्य आपल्या भाषेपुरते. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेले कितीतरी प्रबंध आज उघडतात, पण तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. फाइल शाबूत आणि मजकूर परका! तेव्हा प्रत केवळ असून भागत नाही, ती वाचता यावी लागते. वर्षातून दोनदा तरी ड्राइव्हवरची फाइल दुसऱ्या संगणकावर उतरवून, उघडून पाहावी. परत आणून न पाहिलेली प्रत ही निव्वळ श्रद्धा होय.

‘हे तंत्रज्ञाचे काम’ असे काही सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. यंत्र जोडणे तंत्रज्ञाचे काम असेल. काय जपायचे, कोणत्या रूपात आणि किती काळ, हे त्याने कसे ठरवावे? लेखनिकाच्या चुकांवर आपण व्याख्याने देतो. आज लेखनिक आपणच आहोत. क्षेत्रीय संशोधनाच्या आराखड्यात प्रश्नावलीइतकीच प्रतींची व्यवस्थाही मार्गदर्शकाने तपासावी, एवढेच माझे म्हणणे आहे. ज्या आवाजांनी आपल्यावर विश्वास टाकला, ते पुन्हा गाणार नाहीत.