शिल्लक आणि नोंद

वहीतील शिल्लक ही स्वतंत्र वस्तू नव्हे, हे रोजकीर्द आणि खतावणीच्या संस्कारात वाढलेल्या व्यापारी घराण्यांना शिकवावे लागत नाही. आरंभीच्या शिलकेत जमा मिळवावी, नावे वजा करावे आणि येणारा आकडा दिवसाअखेर गल्ल्यातील रोकडीशी ताडून पाहावा, ही जुनी रीत. पेढीवर संगणक आल्यापासून मेळ घालण्याचे हे काम यंत्राकडे गेले, असा समज रूढ झाला. तो अर्धाच खरा आहे.

मालाची शिल्लक विचारली की संगणकाने पहिल्या खरेदीपासूनच्या साऱ्या नोंदी मोजाव्यात, हा सर्वांत शुद्ध मार्ग होय. परंतु नोंदी लाखांच्या घरात गेल्या की त्याला विलंब लागतो. म्हणून प्रणाली लिहिणारे नोंदी एका तक्त्यात आणि तयार शिल्लक दुसऱ्या तक्त्यात ठेवतात. एकच सत्य दोन ठिकाणी लिहिले गेले, की दोहोंत अंतर पडण्याची वाट मोकळी होते.

समजा, कापडाच्या दुकानात एका साडीचे 10 नग आहेत. दोन गल्ल्यांवर एकाच क्षणी एकेक साडी विकली जाते. पहिला संगणक शिल्लक 10 वाचतो, दुसराही 10 वाचतो. दोघेही 1 वजा करून 9 लिहितात. बिले दोन झाली, घट मात्र एकाचीच. फळीवर 8 साड्या, पडद्यावर 9. संगणकशास्त्रात या दोषाला हरवलेली दुरुस्ती म्हणतात. दुकानात त्याला वेगळेच नाव मिळते. वर्षअखेरच्या मालमोजणीत एक साडी कमी भरते, यंत्र चुकत नाही अशी सर्वांची श्रद्धा असते आणि नजर वळते ती माल हाताळणाऱ्या जुन्या नोकराकडे. वीस वर्षांचा विश्वास एका चुकीच्या वजाबाकीपायी डळमळावा, हे नुकसान साडीच्या किमतीहून कितीतरी मोठे.

यावरील उपाय आज्ञेच्या रचनेत आहे. ‘शिल्लक 9 लिही’ असे न सांगता ‘जी शिल्लक असेल तीतून 1 वजा कर, आणि ती निदान 1 असेल तरच’ असे डेटाबेसला सांगावे. पहिली वजाबाकी पूर्ण होईपर्यंत डेटाबेस ती ओळ अडवून धरतो. दुसरा गल्ला क्षणभर थांबतो. एकही ओळ बदलली नाही असे उत्तर आले, तर माल संपला आहे आणि बिल करू नये.

बिलाची नोंद आणि शिलकेतील घट या दोन क्रिया एकाच व्यवहारात बांधणेही तितकेच आवश्यक. मध्येच वीज गेली, तर दोन्ही व्हाव्यात किंवा दोन्ही रद्द व्हाव्यात. इंग्रजीत यासाठी ‘ट्रान्झॅक्शन’ हा व्यापारातलाच शब्द रूढ आहे. या विषयाचा पाया घालणाऱ्यांपैकी जिम ग्रे यांना 1998 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

खरी गफलत दुरुस्तीत होते. पाच नगांचे बिल तीन नगांचे केले, तर शिलकेत 2 परत मिळवायचे. पुन्हा 3 वजा करायचे नव्हेत. ‘नोंद नसेल तर घाल, असेल तर बदल’ ही सोयीची आज्ञा तर विशेष सावधपणे वापरावी. पोस्टग्रेसमध्ये ती 9.5 या आवृत्तीपासून, म्हणजे 2016 च्या आरंभी आली. मायएसक्यूएलमध्ये ती त्याआधीपासून होती. मायएसक्यूएल नवी नोंद घातल्यास 1, जुनी बदलल्यास 2 आणि काहीच न बदलल्यास 0 असे उत्तर देते. हा आकडा ‘किती नोंदी वाढल्या’ असा समजून ग्राहकसंख्येत मिळवणाऱ्याच्या दप्तरात, जुन्या ग्राहकाचा पत्ता बदलला तरी दोन नवे ग्राहक जन्माला येतात!

प्रत्येक नोंदीबरोबर शिल्लक आपोआप बदलणारा ‘ट्रिगर’ही बसवता येतो. नोंद कोणत्याही वाटेने आली तरी तो चुकत नाही, हा त्याचा गुण. मात्र सणासुदीला एकाच मालावर साऱ्या गल्ल्यांची रांग लागते, आणि हे विकणारा आधी सांगत नाही.

एवढे करूनही दुकान बंद झाल्यावर नोंदींची बेरीज नव्याने करून साठवलेल्या शिलकेशी ताडावी. फरक आढळला तर आकडा गुपचूप सुधारू नये. फरकाची तारखेसह नोंद करून कारण शोधावे, कारण जो दोष आज एका नगाचा आहे तो उद्याही घडणार असतो. ही ताडणी यंत्राची परीक्षा आहे. फळीवरील माल मोजणे ही दुसरी, वेगळी परीक्षा. पहिलीचा मेळ बसल्यावाचून दुसरीतील तुटीबद्दल कोणाही माणसाला जाब विचारू नये.