चिंतेवर ‘अर्धी गोळी’ हा पूर्ण उपचार नव्हे

छातीत धडधडतं, हातापायांना घाम सुटतो, आता काहीतरी वाईट होणार असं वाटत राहतं. ही तक्रार घेऊन तुम्ही डॉक्टरांकडे जाता. ईसीजी निघतो, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासलं जातं. हे योग्यच आहे, कारण थायरॉईड वाढलं किंवा रक्त कमी झालं तरी अशीच लक्षणं दिसतात. रिपोर्ट नॉर्मल येतात. मग ‘तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका’ असं सांगून रात्री घ्यायची अर्धी गोळी लिहून दिली जाते. उपचार तिथेच संपतात.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. रिपोर्ट नॉर्मल आहेत याचा अर्थ हृदय ठीक आहे, एवढाच. चिंताविकार हा खरा आजार आहे आणि त्यावर नेमका उपचार आहे. तो तुम्हाला सांगितलाच जात नाही.

गोळीने नक्की काय होतं?

अल्प्राझोलामसारखी गोळी घेतली की तासाभरात बरं वाटतं. तिची लोकप्रियता याच गुणामुळे आहे, आणि धोकाही याच गुणात आहे. काही आठवड्यांत शरीराला तिची सवय लागते. अचानक बंद केली तर झोप उडते, चिंता उसळून येते, काहींना फिटही येऊ शकते. वयस्कर माणसांमध्ये तोल जाणं, पडणं, विसराळूपणा वाढतो. म्हणूनच सततच्या चिंतेसाठी या गटातल्या गोळ्या फक्त अडचणीच्या काळात, थोडे दिवस वापराव्यात, असं ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आपल्याकडेही २०१४ पासून अल्प्राझोलाम विकताना औषध दुकानदाराने वेगळी नोंद ठेवणं बंधनकारक आहे. तरी जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं तीच गोळी घेणारे काका-काकू तुमच्याही ओळखीत असतील.

चिंता टिकते ती टाळण्यामुळे

समजा, गर्दीच्या लोकलमध्ये तुम्हाला एकदा जोरात धडधडलं. तुम्ही पुढच्या स्टेशनवर उतरलात आणि हायसं वाटलं. मेंदूने धडा घेतला : ‘उतरलो म्हणून वाचलो.’ पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते. मग लोकल सुटते, नंतर बस, नंतर लग्नसमारंभ. खिशात गोळी असल्याशिवाय घराबाहेर पाऊल पडत नाही. न उतरताही ती धडधड आपोआप ओसरली असती, हे कळायची संधीच मेंदूला मिळत नाही.

बोधात्मक वर्तन उपचार, म्हणजे सीबीटी, नेमकं इथे काम करतो. मनात येणारा विचार (‘मला हार्ट अटॅक येतोय’) कागदावर उतरवून पुराव्याशी ताडून पाहायला शिकवलं जातं. मग ज्याची भीती वाटते ते पायरीपायरीने करायचं. आधी फलाटावर थांबायचं, मग रिकाम्या गाडीने एक स्टेशन, मग दोन, मग गर्दीची वेळ. दर आठवड्याला गृहपाठ असतो. सततच्या चिंतेसाठी साधारण १२ ते १५ सत्रं लागतात. शिकलेलं कौशल्य सत्रं संपल्यावरही तुमच्याजवळ राहतं.

‘नुसतं बोलून काय होणार?’

हा प्रश्न विचारणाऱ्यांना समुपदेशन म्हणजे समजूत काढणं वाटतं. समजूत आत्याही काढते. ‘सकारात्मक विचार करा’ असं सांगून फी घेणारी व्यक्ती तुमच्यावर उपचार करत नाही. म्हणून निवडताना चौकशी करा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का? कोणती पद्धत वापरणार? किती सत्रांनी प्रगती तपासणार? या प्रश्नांनी चिडणाऱ्याकडे जाऊ नका.

औषधं वाईट आहेत, असंही मी म्हणत नाही. चिंता तीव्र असेल, सोबत नैराश्य असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ वेगळ्या गटातली, हळूहळू काम करणारी औषधं देतात. अनेकांना औषध आणि थेरपी दोन्ही लागतात. आणि तुम्ही आज रोज गोळी घेत असाल, तर हा लेख वाचून ती बंद करू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करायची असते.

खर्चाची अडचण मात्र खरी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने संरक्षण देणं बंधनकारक केलं. पण थेरपीसाठी दवाखान्यात दाखल व्हावं लागत नाही, आणि बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच पैसे देतात. गोळी स्वस्त आणि सत्र महाग, म्हणून गोळी लिहिली जाते. हे वैद्यकशास्त्र नव्हे, ही सोय आहे. सुरुवात करण्यासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. तिथे कधीही मोफत बोलता येतं आणि मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागातही चौकशी करा. जीव नकोसा वाटत असेल तर वाट पाहू नका, आजच फोन करा.

पुढच्या वेळी तुमच्या हातात गोळीची चिठ्ठी पडली, तर डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा : ‘ही किती दिवस घ्यायची?’ आणि ‘थेरपीसाठी मला कुणाकडे पाठवता?’ या दोन्हींचं उत्तर मिळणं हा तुमचा हक्क आहे.